पंधरा ऑगस्टपर्यंत कळवावे

त्या गावात मी गेलो तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात माझ्या बायकोच्या नावाचं एक पत्र होतं. पत्र फोडलेलं होतं, आणि ते तिने फोडलेलं नव्हतं.

साल सत्त्याण्णव. आम्ही तोक्योत ओजिमाला राहत होतो. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला एका जपानी कंपनीच्या कामावर पाठवलं होतं. बायको माझ्यामागून फेब्रुवारीत आली. पुण्यात ती मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायची. शाळेने तिला सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिली होती. जूनमध्ये माझ्या आग्रहावरून तिने रजा वर्षभर वाढवून मागितली. "मिळाली तर राहते, नाही मिळाली तर बघू," असं ती म्हणाली होती. ते 'बघू' माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

तेव्हा आम्हा भारतीयांची तिथे एक पद्धत होती. राहायच्या जागा कंपनीने घेतलेल्या असत आणि कामाप्रमाणे त्या बदलत. आम्हीच पाच महिन्यांत दोन घरं बदलली होती. त्यामुळे गावी सगळेजण पत्ता द्यायचे तो ऑफिसचा. रिसेप्शनवरची मुलगी सकाळी पत्रं ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवून जाई. म्हणजे आमच्या बायकांना आई, बहिणी, मैत्रिणी जे काही लिहायच्या ते सगळं आधी नवऱ्यांच्या हातात पडायचं. यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. संध्याकाळी घरी जाताना पत्र बॅगेत टाकायचं आणि दारातच द्यायचं, इतकं ते सरळ होतं.

चोवीस जुलैला शाळेचं पत्र आलं. लांब पाकीट, वर शाळेचा शिक्का. मी ते जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा राहून फोडलं. रजा वाढवून देता येणार नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू होणार की नाही हे पंधरा ऑगस्टपर्यंत लेखी किंवा फोनवरून कळवावे. न कळवल्यास आपण जागा सोडली असे समजून ती भरण्यात येईल. खाली मुख्याध्यापिकांची सही, आणि सहीखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: 'तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. नववीच्या मुली तुझी वाट बघतात.'

मी पत्र खिशात घातलं. त्या संध्याकाळी तिने विचारलं, "शाळेचं काही आलं का?" मी म्हणालो, "नाही."

का असं केलं याची मी पुष्कळ कारणं स्वतःला दिली. माझं काम आणखी दीड वर्ष चालणार होतं. एकट्याने त्या घरात राहायचं या कल्पनेनेच मला धाप लागायची. शिवाय मला वाटत होतं, तिला जरा कुठे बाहेर नेलं, बरं वाटलं, तर ती आपणहून म्हणेल की राहते, आणि मग पत्र दिलं तरी काही बिघडणार नाही. ही सगळी कारणं बाजूला ठेवून आज एवढंच म्हणतो की मला पंधरा तारीख उलटायला हवी होती.

आणि तिला बाहेर न्यायची संधी चालून आली. क्यूशूत डोंगरांच्या मधे एक लहान गाव आहे. तिथल्या एका कारखान्यात आमची नवी प्रणाली बसवायची होती. असली कामं जपानात ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात करतात. पूर्वजांचे दिवस असतात, सगळे आपापल्या गावी जातात, कारखाने बंद असतात. बारा ते सोळा ऑगस्ट माझी तिथे नेमणूक झाली. मी तिला म्हणालो, "चल, क्यूशू बघू. मी थोडं काम करीन, बाकी फिरू." ती लगेच तयार झाली. जपानात आल्यापासून तिने योकोहामा सोडून काहीच पाहिलं नव्हतं.

गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. तोक्योहून निघालेली माणसं पोरं, पिशव्या आणि मिठाईच्या खोक्यांसकट दारापर्यंत बसली होती. शेवटचे दोन तास डिझेलच्या एका डब्याची गाडी. गावात उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि फलाटावरून उष्णता पायांतून वर चढत होती. गाव ताटासारखं, चारी बाजूंनी डोंगर. वारा आत येत नाही आणि आत तापलेली हवा बाहेर जात नाही. अख्ख्या जपानातलं सर्वांत जास्त तापमान आमच्याकडे नोंदलं जातं असं तिथले लोक सांगत, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. शेजारच्या गावाचाही तोच दावा होता म्हणे.

हे गाव सोन्याच्या खाणीवर वसलेलं. खाण पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडली होती. स्टेशनसमोर हेल्मेट घातलेल्या हसऱ्या सोन्याच्या विटेचा पुतळा होता. बाजाराच्या रस्त्यावर छप्पर होतं, पण निम्म्या दुकानांची शटरं खाली. उघड्या दुकानांत विटेच्या आकाराची बिस्किटं, विटेच्या आकाराचा साबण, वर्ख लावलेलं आइस्क्रीम. नदीपलीकडे खाणकामगारांच्या चाळी एका ओळीत उभ्या होत्या, पत्रे गंजलेले, दारांपर्यंत गवत. खाण गेली आणि गाव रिकामं व्हायला लागलं, तेव्हा कुणीतरी खटपट करून तो कारखाना आणला होता. मला बोलावलं होतं ते त्याच कारखान्याने.

आम्ही उतरलो होतो ती खानावळवजा जागा एक बाई चालवत होत्या. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, सतत गळ्यातल्या टॉवेलने मान पुसणाऱ्या. माझी बायको मासे खात नाही हे मी फोनवर सांगितलं होतं. बाईंनी मासे वगळले, पण काकडीवर माशाचा कीस भुरभुरवला होता आणि सूपही माशाच्याच पाण्याचं होतं. मी समजावून सांगितल्यावर त्या विचारात पडल्या.

"पण हा मासा नाही," त्या म्हणाल्या. "ही फक्त चव आहे."

"चवही नको," मी म्हणालो.

"मग त्या जगतात कशावर?"

बायकोने पिशवीतून मेतकुटाची बाटली काढून दाखवली. बाईंनी बोटावर घेऊन चाखलं आणि खूश होऊन आणखी भात आणला. तेव्हापासून त्या रोज थंड टोफू, टोमॅटो आणि भात आणत, आणि मेतकुटाची बाटली स्वतःच टेबलाच्या मधोमध ठेवत. बायको हसायची. मी तिच्याकडे बघून मनात म्हणायचो, बघ, जमतंय की.

तेरा तारखेला मी दिवसभर कारखान्यात होतो. चौदाला सकाळी जुनी माहिती नव्या यंत्रात भरायला लावली. तिथले विभागप्रमुख म्हणाले, "आता तीन तास यंत्र आपलं आपण चालेल. आपण बघत बसून ते लवकर होणार नाही. बायकोला खाण दाखवा." मी तसाच निघालो. अंगात सूट होता, कारण सुट्टीतही ग्राहकाच्या दारात कोटाशिवाय जायचं नाही असा आमच्या कंपनीचा दंडक होता. बाहेर सदतीस अंश. कोट हातावर घेऊन मी खानावळीत गेलो आणि तिला घेऊन टेकडी चढलो.

खाणीचं आता संग्रहालय केलेलं आहे. डोंगराच्या पोटात पूर्वीच्या शेकडो मैल बोगद्यांपैकी एक लहानसा तुकडा लोकांसाठी उघडा. तोंडाशी तिकिटाची टपरी आणि बाजूला खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. हा आमचा वाटाड्या. सत्तरीचा, बारीक, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. पंधराव्या वर्षी खाणीत शिरला होता, बंद पडली त्या दिवसापर्यंत आतच होता. बोलताना मधेमधे थांबून खोकायचा आणि खोकून झालं की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे न्यायचा.

"गरम होतंय ना?" त्याने मला विचारलं. "आम्हाला कधी कळलंच नाही. बंद झाली तेव्हा वर आलो, आणि समजलं की आपल्या गावात उन्हाळा असतो."

मी ते बायकोला मराठीत सांगितलं. ती मोठ्याने हसली. म्हाताऱ्याला आपला विनोद हिंदुस्थानापर्यंत पोचल्याचा आनंद झाला. तिच्या हातातल्या दोन बांगड्यांकडे बघून तो म्हणाला, "एवढ्यासाठी आम्ही ट्रकभर दगड फोडत होतो. बाईंना सांगा."

"त्यांना सांगा, ह्या माझ्या आईच्या आहेत," ती म्हणाली. "दगड कुणी फोडले ते तिला विचारायला हवं."

बोगद्यात चार पावलं गेल्याबरोबर थंडी अंगावर आली. बाहेरच्या घामावर ती थंडी म्हणजे ओला कपडा लपेटल्यासारखी. आत चौदा अंश असतं, बाराही महिने. बायकोच्या अंगात सुती पंजाबी ड्रेस होता. तिने हात दंडांवर चोळले. मी लगेच हातावरचा कोट तिच्या खांद्यांवर टाकला. त्या क्षणी मला पत्राची आठवणही झाली नाही. एकवीस दिवस मी ते खिशात बाळगत होतो, रात्री कोट खुंटीला लावताना तो भिंतीकडे वळवून लावत होतो, आणि नेमक्या त्या वेळी मी एक चांगला नवरा होण्यात गुंतलो होतो.

बोगद्यात पिवळे दिवे, दगडाला पाझर, पायाखाली फळ्या. ठिकठिकाणी मेणाचे कामगार, कुणी घण मारताना, कुणी सुरुंग ठासताना. म्हातारा सांगत होता, मी तुकड्यातुकड्याने मराठीत सांगत होतो. एका वळणावर भिंतीत काचेचं कपाट होतं. त्यात जेवणाचा डबा, कंबरपट्टा, तंबाखूची पिशवी, एक लाकडी चप्पल.

"ह्या आमच्या चोऱ्या," म्हातारा म्हणाला. "चांगल्या शिरेचा दगड लागला की त्यात सोनं डोळ्यांना दिसतं. मग माणसाचा हात वळवळतो. डब्याला खालून दुसरा तळ करून घ्यायचे. चपलेची टाच पोकळ करायचे. गिळणारेही होते. तुमच्याकडे बायका सोनं अंगावर घालतात, आमच्याकडे पुरुष पोटात घालायचे."

मी वळून हे सांगायला लागलो, आणि पाहिलं की बायकोने कोट पुढे ओढून घेतला आहे आणि तिचा एक हात आतल्या खिशात आहे. त्या खिशात आमची परतीची तिकिटंही होती. पडतील म्हणून ती चाचपत होती. तिने तिकिटं बाहेर काढली, आणि त्यांच्याबरोबर ते पाकीट आलं.

पाकीट ओळखायला तिला काहीच वेळ लागला नाही. तो शिक्का ती नऊ वर्षं बघत होती. ती दिव्याखाली सरकली आणि वाचायला लागली.

"सांगा ना बाईंना," म्हातारा म्हणाला.

मी सांगू लागलो. डब्याला दुसरा तळ असायचा. चपलेची टाच पोकळ असायची. माझा आवाज मला दगडांवरून परत ऐकू येत होता. म्हातारा पुढे म्हणाला की बाहेर पडताना दोन खोल्या असत, एकीत खाणीतले कपडे उतरवायचे, दुसरीत घरचे घालायचे, आणि मधला आडवा बांबू उघड्या अंगाने ओलांडायचा, पाय उंच उचलून, म्हणजे काही लपवलं असेल तर दिसेल. मी तेही सांगितलं. ती वाचत होती. पत्र एका पानाचं, त्याला एवढा वेळ लागत नाही. ती पुन्हा वाचत असावी.

"आणि सापडला तर?" तिने मराठीत विचारलं, मान वर न करता.

मी म्हाताऱ्याला विचारलं.

"सापडला तर त्याच दिवशी कामावरून बंद. चाळीतली खोली खाली करायची. बायकोपोरं सामान घेऊन स्टेशनवर." तो खोकला, थांबला. "पण खरं सांगू का, पकडणाऱ्यांपेक्षा बायकोला आधी कळायचं. डबा कोण घासतं?"

हे मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. राहिलेला सगळा बोगदा ती आमच्या पुढे चालली, कोट अंगात, पत्र हातात. तोंडाशी पोचल्यावर तिने म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि जपानीत आभार मानले. तेवढं तिला येत होतं.

टपरीच्या मागे झाडाखाली बाक होता. किड्यांची किर्र इतकी की हळू बोलणं शक्य नव्हतं. तिने कोट काढून घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

"कधी आलं?"

"चोवीस जुलैला."

"आज चौदा ऑगस्ट. एकवीस दिवस. मी रोज विचारत होते."

"रोज नाही," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. "एक दिवसाआड."

"बरं, एक दिवसाआड. म्हणजे दहा वेळा. दहा वेळा तुम्ही नाही म्हणालात." ती गणिताची बाई होती. "आणि त्या दहाही दिवशी जेवताना माझ्याशी नेहमीसारखे बोललात. उलट जरा जास्तच चांगले. भांडी घासलीत. नदीवर फिरायला नेलंत. मी आईला लिहिलं की हल्ली ह्यांना काय झालंय, फार माया करतात."

मी म्हणालो की माझी चूक झाली. मी म्हणालो की तू जाशील याची मला भीती वाटली. ती ऐकत होती, पण ऐकून घेणं आणि मानणं यातलं अंतर तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी जाणार होते असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं. पत्र वाचून ठरवणार होते. कदाचित राहिलेही असते. आता ते कधीच कळणार नाही, ना तुम्हाला, ना मला."

"आत्ता फोन करायचा का? शाळा चालू असेल."

"आज नको. आज रागात 'येते' म्हटलं तर ते तुमच्यामुळे होईल. मला एक रात्र द्या. उद्या झेंडावंदन आहे, मुख्याध्यापिकाबाई सकाळी ऑफिसात असणारच."

मी तीनला कारखान्यात परत गेलो. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. मी कागद तपासले, चुका सापडल्या नाहीत. रात्री जेवणाला खानावळीच्या बाईंनी विचारलं, खाण कशी वाटली? बायकोने शब्द शोधून जपानीत उत्तर दिलं, "थंड." बाईंना ते फार बरोबर वाटलं. बायको नेहमीएवढी जेवली. मीच जेवलो नाही, आणि याकडे तिने लक्ष दिलं नाही.

पंधराला सकाळी ती लवकर उठून अंघोळ करून बसली होती. आपल्याकडे साडेसातला झेंडावंदन, म्हणजे जपानात अकरा. त्यात ते स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष, कार्यक्रम लांबणार. आम्ही साडेअकराला स्टेशनवर गेलो. परदेशी फोन लागणारं यंत्र गावात तिथेच एक होतं, हिरव्या फोनला सोनेरी पट्टी असलेलं. मी दुकानातून शंभर येनची नाणी मोडून आणली होती. तिने बूथचं दार अर्धं उघडं ठेवलं, कारण आत श्वास घेता येत नव्हता. मी दारात नाणी घेऊन उभा. संपत आली की ती न बघता हात मागे करायची.

फोन शिपायाने घेतला.

"मामा, मी बोलतेय. हो, जपानहून. अहो, बरी आहे, बाईंना बोलवा. पेढे नंतर वाटा, मामा, इथे पैसे पडतायत. ... हो, तुमच्या वाटचा ठेवा."

मला लांबून बँडचा आवाज येत होता, किंवा तसं वाटत होतं. मग ती सरळ उभी राहिली. बाई आल्या असाव्यात.

"नमस्कार बाई. ... हो, पत्र मिळालं." मग बराच वेळ ती ऐकत होती. मला कळत होतं तिला काय विचारलं जातंय. तीन आठवडे झाले, तू काहीच का कळवलं नाहीस? मी नाणी मुठीत घट्ट धरली होती. मला वाटलं, आता सांगेल. सांगावं असंही वाटत होतं. बाई मला ओळखत होत्या, आमच्या लग्नात जेवून गेल्या होत्या.

"उशिरा मिळालं, बाई," ती म्हणाली. "काल हातात पडलं. ... नाही, कसं झालं कोण जाणे. पोस्टाचाच काहीतरी घोळ. ... हो. ठरलंय. मी येते. एक तारखेला वर्गावर असेन. ... लेखी आजच टाकते."

ती बाहेर आली. पाठ घामाने भिजली होती. मी म्हणालो, "तू खरं का नाही सांगितलंस?"

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "मला तिथे रोज जायचंय. शिक्षकांच्या खोलीत बसायचंय. माझा नवरा माझी पत्रं लपवतो हे मला तिथे नकोय. कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगायचं. पत्र उशिरा आलं."

"बरं."

तेवढ्यात गावातल्या सगळ्या भोंग्यांमधून एकदम मोठा आवाज सुरू झाला. बारा वाजले होते. पंचेचाळीस साली त्यांच्याकडे त्या दिवशी लढाई संपली होती. स्टेशनातली माणसं जागच्या जागी उभी राहिली, माना खाली घालून. तिकीट खिडकीतला माणूस उभा राहिला. एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती, तिने त्याचं तोंड हलकेच दाबून धरलं. आम्हीही उभे राहिलो, फोनच्या बूथपाशी, एकमेकांपासून हातभर अंतरावर. मिनिटभराने सगळे चालू लागले.

"तुम्हाला एक वाजता कारखान्यात जायचंय ना?" ती म्हणाली. "मी जेवते आणि पत्र लिहिते. पोस्ट उघडं आहे का तेवढं विचारून द्या."

पोस्ट उघडं होतं.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. मी त्या घरात पंधरा महिने एकटा राहिलो आणि मेलो नाही. आठवड्याला एक पत्र यायचं, त्यात शाळेचं सगळं असायचं, नववीच्या मुलींची नावंसुद्धा. परत आल्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो, तेव्हा बाईंनी मला गाठलं. "काय हो, जपानचं पोस्टही आपल्यासारखंच निघालं की," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "हो ना." पुढेही कुणी ना कुणी विचारायचं, मी तेच सांगायचो. त्या देशात गाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतात. त्यांच्या टपाल खात्यावर मी बारा वर्षं हा आळ घेत राहिलो.

गेल्या जूनमध्ये बायकोने ती शाळा सोडली. दुसऱ्या एका शाळेत ती मुख्याध्यापिका म्हणून गेली. निरोपसमारंभाहून घरी आल्यावर फुलं पाण्यात ठेवता ठेवता ती म्हणाली, "आता तिथे मला जायचं नाही. तुम्हाला कुणाला सांगायचं असेल तर सांगा."

हा विषय तिने बारा वर्षांत पहिल्यांदा काढला. मी तो कधीच विसरलो नव्हतो हे तिला माहीत होतं म्हणायचं.

मी बाईंकडे गेलो. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, लेकीजवळ राहत होत्या. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं, जिन्यात पाकीट फोडलं तिथपासून. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"तिने सांगितलं?"

"छे. ती कधी सांगेल का. पण ती खोटं बोलली की आवाज फार सरळ होतो तिचा. आणि पोस्टाचा घोळ म्हणे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे कुणाला पटणार होतं? जपानचं पोस्ट!" त्या हसल्या. "पण सगळ्यांना वाटलं, ती म्हणते ना, मग राहू दे. तिच्यासमोर कुणी विषय काढला नाही. चहा घेणार ना?"

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती नव्या शाळेचं वेळापत्रक आखत बसली होती. पट्टी कागदावर तशीच धरून तिने विचारलं, "सगळ्यांना?"

"बाई तसं म्हणाल्या."

त्या खोलीतले एकेक चेहरे तिच्या डोळ्यांसमोर येत असावेत, कोण कधी काय बोललं, कोण तिच्याशी उगाच गोड वागलं.

"बारा वर्षं," ती म्हणाली, आणि पुढची रेघ ओढली.